अनेक मुद्रांचे एक प्रमाणपत्र : ऑनलाइन व्यवस्थापन पदवी आणि विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय भागीदारी

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या इतिहासलेखनात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शासकीय धोरण आणि विद्यार्थी-चळवळी यांना पुरेसे स्थान मिळाले आहे. पदवी-प्रमाणपत्र हा दस्तऐवज मात्र बहुधा दुर्लक्षित राहिला. प्रमाणपत्राच्या माथ्यावर कोणत्या संस्थेचे नाव आणि मुद्रा असावी, तळाशी स्वाक्षरी कोणाची असावी, हा वरवर पाहता कार्यालयीन तपशिलाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात विद्यापीठ आपली संपूर्ण प्रतिष्ठा त्या एका कागदावर पणाला लावत असते. महाजालावरून व्यवस्थापनशास्त्राची पदवी देण्याचे जे आंतरराष्ट्रीय प्रयत्न इ.स. २००० च्या आगेमागे झाले, त्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. या प्रयत्नांच्या अपयशाचे खापर सामान्यतः अपुऱ्या तंत्रज्ञानावर किंवा 'डॉट-कॉम' कंपन्यांच्या कोसळण्यावर फोडले जाते. उपलब्ध घटनाक्रम तपासला असता वेगळे चित्र दिसते. तंत्रज्ञानाची अडचण तुलनेने लवकर सुटली. भागीदार विद्यापीठांना उत्पन्नात वाटा हवा होता, पण आपल्या पदवीचे नाव द्यायचे नव्हते, ही अडचण मात्र अखेरपर्यंत सुटली नाही.

प्रस्तुत लेखात 'युनिव्हर्सिटास २१ ग्लोबल' या सिंगापूरस्थित संस्थेचा इतिहास केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. या संस्थेचा पुढील प्रवास मणिपालच्या शिक्षणसमूहाशी जोडला गेला, त्यामुळे तिचा भारताशी संबंध आहेच. शिवाय आज आपल्याकडील महाविद्यालये आणि विद्यापीठे परदेशी संस्थांशी सामंजस्य करार करीत असताना त्या अनुभवाकडे पाहणे अस्थानी ठरू नये.

पूर्वपीठिका : अध्ययन एका ठिकाणी, परीक्षा दुसऱ्या ठिकाणी

पदवी देणारी संस्था आणि शिकविणारी संस्था वेगळी असणे ही महाजालाची देणगी नव्हे. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ मूलतः परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी संस्था होती. १८५८ च्या सनदेने तिने आपल्या परीक्षा संलग्न महाविद्यालयांबाहेरील उमेदवारांनाही खुल्या केल्या आणि 'बहिःस्थ विद्यार्थी' ही संकल्पना रूढ झाली. १८६५ मध्ये मॉरिशस येथे या विद्यापीठाच्या परीक्षा घेतल्या गेल्या. उत्तरपत्रिका जहाजाने लंडनला जात आणि निकाल जहाजानेच परत येई. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली तीही लंडनच्याच नमुन्यावर. मुंबई विद्यापीठाने प्रारंभीच्या दशकांत स्वतः कोणाला शिकविले नाही. एल्फिन्स्टन, डेक्कन यांसारख्या महाविद्यालयांनी शिकविले, विद्यापीठाने परीक्षा घेतली व पदवी दिली. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे ही तरतूद १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने स्पष्ट झाली. आपल्याकडील प्राध्यापकवर्गाला संलग्नतेची ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगती सहसा जाणवत नाही.

या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र संदिग्ध नव्हती. मॉरिशसच्या उमेदवाराला मिळणारी पदवी लंडनची असे. प्रश्नपत्रिका लंडनच्या परीक्षकांनी काढलेली आणि उत्तरे त्यांनीच तपासलेली असत. अध्यापन कोणाचेही असो, निर्णय आणि जबाबदारी एकाच संस्थेची होती.

व्यवस्थापनशास्त्रात दूरशिक्षणाचा विस्तार विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये एम.बी.ए. सुरू केले. एडिंबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठाने १९९० पासून दूरशिक्षणाद्वारे एम.बी.ए. देऊ केले. त्यात विद्यार्थ्याने मुद्रित अभ्याससाहित्य स्वतः अभ्यासावे आणि प्रत्येक विषयाची लेखी परीक्षा जगातील एखाद्या केंद्रावर द्यावी, असा सरळ व्यवहार होता. पदवी हेरियट-वॉटची, परीक्षाही हेरियट-वॉटचीच. लंडनचा एकोणिसाव्या शतकातील नमुनाच येथे नव्या विषयाला लावला गेला, असे म्हणता येईल. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. येथेही शिकविणारे आणि पदवी देणारे नाव एकच राहिले.

नव्वदच्या दशकातील उत्साह

महाजालाच्या प्रसाराबरोबर या चित्रात तिसरा घटक आला. विद्यापीठांकडे नाव होते आणि ज्ञान होते, पण भांडवल नव्हते. खाजगी कंपन्यांकडे भांडवल होते, नाव नव्हते. व्यवस्थापन पदवीला नोकरदार वर्गातून मागणी होती, तिचे शुल्क चढे होते आणि तिला प्रयोगशाळा लागत नव्हती. त्यामुळे भागीदारीचे बहुतेक प्रयोग याच पदवीपासून सुरू झाले, यात नवल नाही.

अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या 'युनेक्स्ट' या कंपनीने कोलंबिया, शिकागो, स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्याशी करार केले. या पाच संस्थांची नावे एकत्र उच्चारली की कोणत्याही उद्योगसमूहाचे लक्ष वेधले जाणारच. २००१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ८८,००० पगारदार कर्मचाऱ्यांना या अभ्यासक्रमांचा लाभ देण्याचा करार केला. मात्र एम.बी.ए. पदवी या पाचांपैकी एकाही विद्यापीठाची नव्हती. युनेक्स्टने त्यासाठी 'कार्डियन विद्यापीठ' या नावाची स्वतंत्र संस्था निर्माण केली. नामवंत विद्यापीठांनी अभ्यासक्रम घडविण्यास हातभार लावला, त्यांची नावे अभ्यासक्रमांशी जोडली गेली, पण पदवीवर नाव कार्डियनचे. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने रचलेला अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी स्टॅनफर्डचा पदवीधर होत नव्हता. विद्यापीठांना हे अंतर आवश्यक वाटले, विद्यार्थ्यांना मात्र ते खटकले. काही वर्षांतच कार्डियनचा मूळ प्रयोग आटोपला. कोलंबियाने २००० मध्ये स्वतंत्रपणे उभारलेला 'फॅदम' हा उपक्रमही २००३ मध्ये बंद झाला.

ब्रिटनमध्ये शासनच पुढे आले. २००० मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी 'ई-विद्यापीठा'ची घोषणा केली व त्यासाठी ६.२ कोटी पौंडांची तरतूद झाली. पहिले अभ्यासक्रम २००३ मध्ये सुरू झाले आणि २००४ मध्ये उपक्रम गुंडाळण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत सुमारे ५ कोटी पौंड खर्च झाले होते. ५,६०० विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट असताना प्रत्यक्षात सुमारे ९०० विद्यार्थी आले होते. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या शिक्षणविषयक समितीने या प्रकरणावर कठोर अहवाल दिला. येथे पदव्या सहभागी विद्यापीठांच्याच होत्या, त्यामुळे नावाचा प्रश्न उद्भवला नाही. विद्यार्थ्यांना काय हवे आहे याची चौकशी करण्याआधीच खर्चिक संगणकीय मंच उभारला गेला, ही त्या अपयशाची स्वतंत्र कहाणी आहे.

युनिव्हर्सिटास २१ : कराराचे स्वरूप

मेलबर्न विद्यापीठाचे कुलगुरू ॲलन गिल्बर्ट यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये 'युनिव्हर्सिटास २१' हे संशोधनप्रधान विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय जाळे निर्माण झाले. मेलबर्न, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड, ऑकलंड, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, एडिंबरा, ग्लासगो, ब्रिटिश कोलंबिया, मॅकगिल, टोरांटो, मिशिगन, सिंगापूर, हाँगकाँग, लुंड, फुदान यांसारखी विद्यापीठे त्यात आली. प्रारंभीचा हेतू विद्यार्थी व प्राध्यापकांची देवाणघेवाण, परस्पर तुलना आणि गुणवत्तेचे समान निकष ठरविणे असा होता. गिल्बर्ट यांची दृष्टी मात्र त्यापलीकडे होती. शासकीय अनुदान आटत असताना सार्वजनिक विद्यापीठांनी उत्पन्नाचे नवे मार्ग शोधलेच पाहिजेत, असे त्यांचे आग्रही मत होते. १९९८ मध्ये त्यांनी मेलबर्नमध्येच 'मेलबर्न युनिव्हर्सिटी प्रायव्हेट' ही खाजगी शाखा काढली होती. ती २००५ मध्ये बंद करावी लागली.

या जाळ्याच्या एकत्रित नावाने महाजालावरून पदवी देता येईल, ही कल्पना २००० मध्ये मूर्त रूप घेऊ लागली. प्रथम वाटाघाटी रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी झाल्या, पण त्या फिसकटल्या. त्यानंतर पाठ्यपुस्तक-प्रकाशनातील मोठी कंपनी थॉमसन लर्निंग पुढे आली. २००१ मध्ये झालेल्या कराराने ५ कोटी अमेरिकी डॉलरचा संयुक्त उपक्रम उभा राहिला. निम्मे भांडवल थॉमसनचे आणि निम्मे सहभागी विद्यापीठांचे होते. मुख्यालय सिंगापूरला ठेवण्यात आले. आशियातील नोकरदार मध्यमवर्ग हा अपेक्षित विद्यार्थीवर्ग होता आणि सिंगापूर सरकारही त्या वर्षांत परदेशी शिक्षणसंस्थांना आवर्जून बोलावीत होते. फ्रान्समधील इन्सिआद या व्यवस्थापन संस्थेने २००० मध्येच तेथे आपला परिसर उघडला होता.

कराराचा गाभा कामांच्या वाटणीत होता. अभ्याससाहित्य थॉमसनने तयार करावयाचे. त्याची शैक्षणिक गुणवत्ता तपासण्यासाठी विद्यापीठांच्या जाळ्याने 'यू२१ पेडॅगॉजिका' ही वेगळी कंपनी काढली. अध्यापन सिंगापूरमधील मोजके पूर्णवेळ अध्यापक आणि जगभर विखुरलेले अंशकालीन अध्यापक यांच्याकडे. पदवी देणार युनिव्हर्सिटास २१ ग्लोबल ही नवी संस्था, आणि त्या पदवीच्या प्रमाणपत्रावर सहभागी विद्यापीठांच्या मुद्रा छापल्या जाणार. म्हणजे लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, शिकविणारा तिसरा, पदवी देणारा चौथा, आणि ज्यांच्या प्रतिष्ठेवर हे सारे उभे, ती विद्यापीठे पाचवी. या पाचव्या घटकाने पैसे गुंतविले होते, आपले बोधचिन्ह दिले होते, पण विद्यार्थी आपला मानला नव्हता. प्रमाणपत्रावर मेलबर्नची मुद्रा असूनही तो मेलबर्नचा पदवीधर नव्हता आणि एडिंबराच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव येणार नव्हते.

या रचनेमागे कारणे होती. जाळ्यातील अनेक विद्यापीठांचे स्वतःचे प्रतिष्ठित व महागडे एम.बी.ए. होते. स्वतःच्याच नावाने स्वस्त ऑनलाइन पदवी काढली तर आपल्याच वर्गातील विद्यार्थी कमी होतील, ही धास्ती रास्त होती. स्वतःच्या पदवीसाठी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या विद्वत्परिषदेची संमती घ्यावी लागली असती, नव्या कंपनीने तो फेराही वाचविला. प्रयोग फसलाच तर बट्टा नव्या नावाला लागेल, हाही हिशेब त्यात नव्हता असे म्हणता येणार नाही. एकंदरीत हे जोखीम टाळण्याचे शहाणपण होते. विद्यार्थ्याला मात्र या संस्थांनी पूर्ण जोखीम घेतली आहे, असेच प्रमाणपत्र पाहून वाटावे अशी मांडणी होती. उपक्रमातील मूळ दोष येथे होता आणि तो प्राध्यापकांच्या ध्यानात फार लवकर आला.

प्राध्यापकांचा आक्षेप

टोरांटो विद्यापीठाने नाव व मुद्रेच्या वापराच्या प्रश्नावर या जाळ्यातूनच बाहेर पडणे पसंत केले. ज्या अभ्यासक्रमावर आपले शैक्षणिक नियंत्रण नाही, त्याला आपली मुद्रा द्यावी काय, असा प्रश्न तेथे उपस्थित झाला होता. मिशिगननेही जाळे सोडले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन व न्यूझीलंड येथील प्राध्यापक संघटनांनी एकत्र येऊन या करारावर जाहीर आक्षेप घेतले. कराराच्या अटी गोपनीय का ठेवल्या, सार्वजनिक विद्यापीठांचा पैसा कोणाच्या संमतीने गुंतविला, अध्यापकांच्या लेखनावरील स्वामित्व कोणाचे, गुणवत्तेची तपासणी ज्या कंपनीने करायची तीच या जाळ्याच्या मालकीची कशी, असे त्यांचे प्रश्न होते. कॅनडात अध्यापन करणारे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९९० च्या दशकाअखेरीस 'डिजिटल डिप्लोमा मिल्स' या लेखमालेत महाजालीय शिक्षण म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचे यांत्रिकीकरण, अशी टीका केली होती. संघटनांच्या भूमिकेला त्या टीकेची पार्श्वभूमी होती.

हा विरोध केवळ नोकऱ्या वाचविण्यासाठी होता, अशी संभावना त्या वेळी व्यवस्थापनाच्या बाजूने झाली. ती पूर्णतः अन्याय्य म्हणता येणार नाही, कारण संघटनांच्या पत्रकांत अध्यापकांच्या सेवाशर्तींची चिंता ठळक होती. तथापि त्यांनी विचारलेला मुद्रेचा प्रश्न सेवाशर्तींहून स्वतंत्र होता आणि पुढील घटनांनी तो खरा ठरविला. विद्यापीठाची मुद्रा ही कुलगुरूंच्या अखत्यारीतील व्यापारी मालमत्ता आहे की विद्वत्परिषदेच्या निर्णयाची खूण आहे, हा तो प्रश्न. एकोणिसाव्या शतकातील लंडन विद्यापीठात त्याचे उत्तर विचारावेच लागले नसते.

प्रत्यक्ष अध्यापन

२००३ मध्ये एम.बी.ए. चे पहिले विद्यार्थी दाखल झाले. मुहूर्त वाईट होता. महाजालीय कंपन्यांचा फुगा फुटून तीन वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी सिंगापूर 'सार्स'च्या साथीने हादरले होते. लाखांच्या भाषेत मांडलेली विद्यार्थिसंख्येची भाकिते बाजूला ठेवावी लागली. पहिल्या काही वर्षांत ही संख्या हजारांच्या पलीकडे गेली नाही.

असे असले तरी वर्गातील अनुभव वाईट होता, असे मानण्यास आधार नाही. उलट शैक्षणिक दृष्ट्या या संस्थेने काही विचारार्ह गोष्टी केल्या आणि टीकाकारांनी त्यांची पुरेशी दखल घेतली नाही. विद्यार्थी बहुधा नोकरी करणारे, वेगवेगळ्या देशांतील आणि वेगवेगळ्या वेळा पाळणारे होते. त्यामुळे एका ठरावीक घटकेला सर्वांनी हजर राहावे असा वर्ग नव्हता. चर्चाफलकावर अध्यापकाने प्रश्न मांडायचा, विद्यार्थ्यांनी आपापल्या सवडीने लेखी उत्तरे द्यायची आणि या सहभागाला गुण. दुबईतील अभियंता, सिंगापूरमधील बँक कर्मचारी आणि बंगळूरमधील संगणकतज्ज्ञ एकाच उद्योगाच्या पेचावर लिहीत असतील, तर तोंडी चर्चेत गप्प राहणाऱ्यालाही येथे लिहावेच लागते. प्रत्यक्ष वर्गात पन्नास विद्यार्थ्यांपैकी किती जण बोलतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला सांगावयास नको.

परीक्षेच्या बाबतीत संस्थेच्या अध्यापकांनी पुस्तके व महाजाल दोन्ही खुले ठेवून द्यावयाची परीक्षा अवलंबिली आणि तिच्यावर शोधनिबंधही लिहिले. विद्यार्थ्यासमोर एखाद्या उद्योगसंस्थेचा विशिष्ट प्रसंग ठेवायचा आणि उपलब्ध सर्व साधने वापरून त्याने निर्णय सुचवायचा. व्याख्या पाठ करून लिहिण्यास वाव नव्हता. उत्तर दुसऱ्याचे उचललेले असण्याचा धोका प्रश्नाच्या विशिष्टतेमुळे कमी व्हावा, ही अपेक्षा होती. २०२० मध्ये महामारीच्या काळात आपल्याकडील विद्यापीठांवर अल्पावधीत घरबसल्या परीक्षा घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी बहुपर्यायी प्रश्नांचा आधार घेतला. सिंगापूरमधील या छोट्या संस्थेने पंधरा वर्षांपूर्वी केलेला विचार त्या वेळी फारसा कोणाच्या स्मरणात नव्हता. उत्तर लिहून देणारी संगणकीय साधने हाताशी आल्यापासून अशा परीक्षेचाही नव्याने विचार करावा लागत आहे, ही गोष्ट वेगळी.

सिंगापूर ते क्वालालंपूर

अध्यापन चालू राहिले, हिशेब मात्र जुळला नाही. २००७ मध्ये थॉमसन समूहाने आपला संपूर्ण शिक्षणविभागच विकला. युनिव्हर्सिटास २१ ग्लोबलमधील थॉमसनच्या जागी त्याच सुमारास मणिपालचा शिक्षणसमूह आला. सदस्य विद्यापीठांपैकी काहींनी आपली गुंतवणूक बुडीत मानून ताळेबंदातून काढली आणि हळूहळू अंग काढून घेतले. जाळे म्हणून युनिव्हर्सिटास २१ टिकले आणि पुढेही कार्यरत राहिले, पण पदवीशी असलेला त्याचा संबंध विरळ होत गेला. परिसर उभारण्याच्या वाटेनेही यश हमखास मिळत होते असे नाही. याच जाळ्यातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये सिंगापूरला प्रत्यक्ष परिसर उघडला आणि जेमतेम दीडशे विद्यार्थ्यांवर काही महिन्यांतच तो बंद केला.

मणिपालच्या प्रवेशामुळे एक चमत्कारिक वर्तुळ पूर्ण झाले. पाश्चात्त्य विद्यापीठांनी आशियाई विद्यार्थ्यांसाठी काढलेली संस्था आशियाई शिक्षणसमूहाच्या हाती आली. उडुपीजवळच्या मणिपालमध्ये टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्ये खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हापासून शुल्कावर शिक्षणसंस्था चालविण्याचा अनुभव या समूहाकडे होता. त्यांना कोणाच्या मुद्रेमागे दडण्याची गरज नव्हती, पण मुद्रा हव्या मात्र होत्या. २०१२ च्या सुमारास संस्था मलेशियात क्वालालंपूर येथे 'ग्लोबलनेक्स्ट युनिव्हर्सिटी' या नव्या नावाने उभी राहिली. मधल्या काळात 'युनिव्हर्सिटास २१ ग्लोबल'ची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याचा विचार करार करताना कोणी केला असेल असे वाटत नाही. ज्या नावाची पदवी आहे ते नाव आता कोठेच नाही. ज्या विद्यापीठांच्या मुद्रा आहेत त्यांच्याकडे या विद्यार्थ्यांची नोंद नाही. नव्या नोकरीच्या वेळी पदवीची खातरजमा करू पाहणाऱ्याला आधी हा सारा इतिहास समजावून सांगावा लागतो.

याच कालखंडात लिव्हरपूल विद्यापीठाने २००० पासून 'किट ई-लर्निंग' या नेदरलँड्समधील कंपनीच्या आणि पुढे लॉरिएट समूहाच्या साहाय्याने ऑनलाइन एम.बी.ए. चालविले. तेथेही अध्यापन बाहेरच्या अध्यापकांकडे आणि व्यवस्था कंपनीकडे होती. गुणवत्तेबाबतचे वादही झाले, पण पदवी लिव्हरपूलची होती आणि ही भागीदारी जवळपास दोन दशके टिकली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये 'कोर्सेरा' या मंचावरून सुमारे २२,००० डॉलरमध्ये आपलेच एम.बी.ए. देण्यास सुरुवात केली आणि २०१९ मध्ये परिसरातील पूर्णवेळ एम.बी.ए. बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या स्पर्धेच्या भीतीने युनिव्हर्सिटास २१ ची विद्यापीठे मागे राहिली, ती भीती इलिनॉयमध्ये शब्दशः खरी ठरली. त्या विद्यापीठाने ती पत्करली, इतकाच फरक.

भारतातील संदर्भ

भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. परदेशी पदवीची समकक्षता ठरविताना भारतीय विद्यापीठ संघाने परिसरात राहून पूर्णवेळ केलेल्या नियमित अध्ययनावर भर दिला होता. त्यामुळे परदेशातून महाजालावर घेतलेल्या एम.बी.ए. चा उपयोग खाजगी उद्योगात बढतीसाठी झाला, तरी अध्यापकपदासाठी किंवा शासकीय सेवेसाठी होईलच असे नव्हते. शुल्क भरताना हा फरक किती विद्यार्थ्यांना सांगितला जात होता, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम केले आणि ठरावीक मूल्यांकन असलेल्या भारतीय विद्यापीठांना ऑनलाइन पदवी देण्याचा मार्ग मोकळा केला. २ मे २०२२ रोजी परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे विनियम राजपत्रात आले. त्यांत जोड पदवी, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांच्या व्याख्या स्पष्ट आहेत. संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेकडे किमान ३० टक्के श्रेयांक पूर्ण केले पाहिजेत आणि प्रमाणपत्रावर दोन्ही संस्थांची बोधचिन्हे असली पाहिजेत. बोधचिन्ह छापायचे तर तेवढे शिकविलेही पाहिजे, असा हा हिशेब आहे. युनिव्हर्सिटास २१ च्या प्रमाणपत्राला ही कसोटी लावली असती तर त्यावर एकही मुद्रा शिल्लक राहिली नसती. मात्र हे विनियम ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना लागू नाहीत. म्हणजे परदेशी विद्यापीठाशी सहकार्य करता येते आणि ऑनलाइन पदवीही देता येते, पण दोन्ही एकत्र करण्यास या विनियमांत जागा नाही.

या रिकाम्या जागेत जे घडू लागले त्याची दखल आयोगाला डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचनेद्वारे घ्यावी लागली. मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी करार करून काही उच्च शिक्षणसंस्था विद्यार्थ्यांना परदेशी पदव्या मिळवून देत आहेत आणि काही शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती करीत आहेत, असे नमूद करून अशी फ्रँचायझीची व्यवस्था अनुज्ञेय नाही, असे आयोगाने बजावले. जाहिरातींत परदेशी विद्यापीठाचे बोधचिन्ह मोठे असते. अध्यापन कोण करणार, उत्तरपत्रिका कोण तपासणार, पाच वर्षांनी प्रमाणपत्राची पडताळणी कोणाकडे मागायची, हा मजकूर तेथे सहसा आढळत नाही.

महाविद्यालयीन स्तरावर सामंजस्य कराराचे मसुदे अभ्यासमंडळापुढे क्वचितच येतात. ते बहुधा स्वाक्षरीच्या समारंभाच्या दिवशी छायाचित्रांतून दिसतात. टोरांटो विद्यापीठात मुद्रेचा प्रश्न वेळेत विचारला गेला आणि विद्यापीठ बाहेर पडले. इतर ठिकाणी प्राध्यापक संघटनांनी तो विचारला तेव्हा करारावर स्वाक्षऱ्या होऊन गेल्या होत्या.